‘फसतो तो लोभी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

महिन्याभरात तो मेसेज मला पाच ग्रुपवर आला. सोसायटीच्या, माहेरच्या, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या, भजनी मंडळाच्या आणि नातवाच्या शाळेच्या. सगळीकडे जसाच्या तसा. मजकूर थोडक्यात असा: सायबर फसवणूक फक्त लोभी आणि अडाणी माणसांची होते. ओटीपी सांगितला नाही, तर जगातला कोणीही तुमच्या खात्यातून रुपया काढू शकत नाही. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याने आधार, फोटो, नंबर यांची काळजी करू नये. आणि गेलेला पैसा परत येत नाही, तेव्हा पोलिसांत जाऊन चारचौघांत हसं करून घेऊ नका.

पहिल्या वेळी मी वाचून सोडून दिला. आता सोडवत नाही, कारण या मेसेजने आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या गल्लीतल्या एका माणसाचे चार दिवस खाल्ले.

समोरच्या घरातले भाऊ एसटीत कंडक्टर होते. एका गुरुवारी संध्याकाळी त्यांना ओळखीच्याच एका नंबरवरून लग्नपत्रिका आली. लग्नसराईचे दिवस, वर्धा रोडवरची लॉन्स रोज रात्री उजळलेली. पत्रिका येण्यात नवल ते काय? त्यांनी ती उघडली. काही दिसलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, फोनने काहीतरी विचारलं, ते ‘हो’ म्हणाले. शुक्रवारी दुपारी चौकातल्या एटीएमवर गेले तर शिल्लक सातशे आणि काही रुपये. तीन व्यवहारांत १,८६,००० रुपये गेले होते. फोनवर एकही मेसेज नाही.

ते मला भेटले सोमवारी रात्री. दारात उभे राहून म्हणाले, “ताई, चार दिवस झोप नाही जी. पोराले सांगतो त तो म्हणन, बाबा, तुमाले अक्कल नाही. अन् ग्रुपवर त लिहूनच आलं, लोभी माणूसच फसते म्हणून. मी कायचा लोभ केला, तुमीच सांगा.”

मी एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांची किंमत काय असते ते मला ठाऊक आहे. म्हणून मेसेजमधला एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, लोभी आणि अडाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना सात कोटींना फसवलं गेलं. वय ८२, पद्मभूषण मिळालेले, हाताशी वकील, हिशेबनीस, बँकेचे अधिकारी, सगळे. भामटे सीबीआयचे अधिकारी बनून आले. व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली, त्यात एक माणूस सरन्यायाधीश बनून बोलला, आदेशाचा शिक्का मारलेला कागदही पाठवला. झोपतानासुद्धा कॅमेरा बंद करायचा नाही, असं बजावलेलं. यात लोभ कुठे आहे? या माणसाला कोणी दामदुप्पट देतो म्हणालं नव्हतं. त्यांना धाक घातला होता, आणि कायद्याचा मान राखणारा माणूस त्या धाकाला सगळ्यात आधी वाकतो. आमच्या पिढीला तर खाकी वर्दी दिसली की उभं राहायची सवय.

म्हणून एक गोष्ट घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला बसवून सांगा. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम्स, यातलं कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे ‘सरकारी खात्यात’ ठेवायला सांगत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हेच सांगितलं. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. अडाण्यांची किरकोळ गोष्ट असती तर देशाचं सर्वोच्च न्यायालय त्यात पडलं नसतं.

लोभाने कोणी फसतच नाही, असं मी म्हणत नाही. शेअरच्या ग्रुपमध्ये रोज नफ्याचे आकडे बघून पैसे लावणारे मी पाहिले आहेत. पण त्यांनाही आधी खोट्या ॲपवर वाढत जाणारी रक्कम दाखवतात, थोडी काढूही देतात. विश्वास बसवायचा हा धंदा दिवसरात्र पगारी माणसं बसवून चालतो. लोकसभेत सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये सायबर फसवणुकीत गेले. इतके लोक एकाच वर्षात अचानक लोभी झाले, यावर माझा तरी विश्वास नाही.

आता ओटीपी. हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे बरोबरच. पण ‘सांगितला नाही म्हणजे सुरक्षित’ हे चूक, आणि भाऊंचंच उदाहरण घ्या. मी त्यांचा फोन हातात घेतला. डाउनलोडच्या यादीत ‘शादी कार्ड’ नावाची फाइल, शेवटी एपीके. पत्रिका ही फोटो असते नाही तर पीडीएफ. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं अख्खं ॲप. परवानग्यांमध्ये पाहिलं तर त्याने मेसेज वाचायची आणि पाठवायची मुभा घेतलेली. पडद्यावर त्याचं चिन्ह कुठेच नाही. बँकेचा ओटीपी यायचा, ॲप तो परस्पर भामट्याकडे पाठवायचं आणि भाऊंना दिसायच्या आत गायब करायचं. भाऊंनी कोणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. आणि ज्या ओळखीच्या नंबरवरून पत्रिका आली, तो बिचाराही आदल्या दिवशी असाच फसलेला. त्याच्या फोनमधून ती पत्रिका सगळ्या ओळखीच्यांना आपोआप गेली होती. असंच ‘आरटीओ चालान’ येतं, ‘पीएम किसान’ची यादी येते, वीज तोडण्याची नोटीस येते. नाव बदलतं, शेवटची तीन अक्षरं तीच.

ओटीपीशिवाय पैसे जाण्याच्या आणखी वाटा आहेत. आधारवर चालणाऱ्या पेमेंटमध्ये बोटाचा ठसा पुरतो. त्याला ओटीपी लागत नाही आणि पिनही लागत नाही. खरेदीखतावरच्या ठशांवरून सिलिकॉनचं बोट बनवून खाती रिकामी केल्याची प्रकरणं देशात उघडकीला आली आहेत. ज्यांना ठशाने पैसे काढायची गरज नाही त्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. आधारच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, लागेल तेव्हा उघडता येतं. आणि ओसवालांसारख्या प्रकरणात तर माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. तिथे ओटीपीचा पहारा काय करणार?

जाता जाता बुर्डीच्या बाजारातल्या भाजीवाल्या मावशींसाठी एक: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. कोणी ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणालं की फोन ठेवून द्या.

तिसरा मुद्दा, ‘लपवण्यासारखं काही नाही’. हे वाक्य आपण मोठ्या अभिमानाने बोलतो. घरी मी पण बोलायचे. पण लपवणं आणि राखणं यात फरक आहे. मी घराला कुलूप लावते ते आत चोरीचा माल आहे म्हणून लावत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो सगळ्यांना आहे, गुन्हेगारालाच लागतो असं नाही.

आणि माहिती गेल्यावर काय बिघडतं, तर हे बिघडतं. झेरॉक्सच्या दुकानात राहिलेल्या आधारच्या प्रतीवर दुसरा माणूस सिम घेतो. त्या सिमवरून कोणाला तरी फसवलं जातं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दिसतं, आजच बघा. हॉटेलात, लॉजवर, सोसायटीच्या फाटकावर आधारची प्रत मागितली तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

शिवाय माझ्या फोनमध्ये जे आहे ते एकट्या माझं कुठे आहे? चारशे नंबर आहेत: माहेरचे, व्याह्यांचे, कामाला येणाऱ्या ताईंचे. शिवाय एका आजारी मैत्रिणीचे रिपोर्टही आहेत. कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपला मी ‘संपर्क वाचा’ म्हणून परवानगी दिली, तर मी या चारशे जणांना न विचारता त्यांची माहिती दिली. वसुलीवाले मग याच नंबरांवर फोन करतात, फोटोत फेरफार करून बदनामीच्या धमक्या देतात. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनांमध्ये कर्जाच्या ॲपना संपर्क, फोटो आणि कॉलची यादी बघायची मनाई केली ती या छळामुळेच. मला लपवायचं काही नसेलही, पण त्या मैत्रिणीला असू शकतं, आणि तिच्या वतीने ‘चालेल’ म्हणायचा अधिकार मला कोणी दिला?

सोसायटीच्या ग्रुपवर कॅमेऱ्याची क्लिप टाकून ‘हा मुलगा संशयास्पद फिरत होता’ लिहिणाऱ्यांनाही हेच विचारायचं आहे. आमच्याकडे असा एक मुलगा तासाभरात अख्ख्या परिसरात चोर ठरला. तो पार्सल घेऊन आला होता, पत्ता सापडत नव्हता. क्लिप टाकणाऱ्याने ती काढून टाकली, पण तोवर ती किती ग्रुपांत गेली होती कोणास ठाऊक.

शेवटचा मुद्दा, पैसा परत येत नाही. याने झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं. फसवणूक झाली की लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. खात्याचा तपशील, रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक सांगायचा. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. तिथून माहिती ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेला जाते आणि ती उरलेल्या रकमेवर होल्ड लावते, म्हणजे ती रक्कम गोठवते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच-दहा खात्यांत फिरवतो. ही खाती बहुतेक वेळा कोणाची तरी भाड्याने घेतलेली असतात. ‘दोन-चार हजार मिळतात, नुसतं खातं तर द्यायचं आहे’ असं म्हणणारी कॉलेजची पोरं आपल्याच शहरात आहेत. त्यांच्या आईवडिलांनी त्यांना सांगावं की गुन्ह्यात खातेदाराचंही नाव लागतं. एटीएममधून रोख निघाली की माग संपतो. म्हणजे तुमचा फोन आणि चोराची घाई यांची शर्यत असते, आणि हा मेसेज तुम्हाला घरी बसायला सांगतो.

ओसवालांच्या सात कोटींपैकी सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२५ च्या मध्यापर्यंत या यंत्रणेने सुमारे साडेपाच हजार कोटी रुपये चोरांच्या हाती जाण्यापासून वाचवले. गेलेल्या रकमेपुढे हा आकडा लहान आहे, हे मी मान्य करते. पण ‘परत येतच नाही’ आणि ‘लवकर सांगितलं तर काही वाचतं’ यात एखाद्याच्या निवृत्तीच्या पैशाएवढं अंतर आहे.

बँकेचीही जबाबदारी असते, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणची आहे, अशा व्यवहाराची खबर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाला भुर्दंड शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत दिली तर साध्या बचत खात्यासाठी तो जास्तीत जास्त दहा हजार. ग्राहकाच्या हलगर्जीपणाने पैसे गेले असतील तर खबर देईपर्यंतचं नुकसान त्याचं, पण खबर दिल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं भाऊंच्या शाखेत गेलो. १९३० ला फोन रात्रीच केला होता, त्यांचा फोन विमान मोडवर टाकून, माझ्या फोनवरून. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ओटीपी तुमच्याच नंबरवर गेला म्हणजे तुम्हीच दिला असणार. भाऊंनी मान खाली घातली. मी तिला म्हटलं, बेटा, तू हे लिहून दे, सही-शिक्क्यासह. तिने ते लिहून दिलं नाही, पण आमचा अर्ज घेतला आणि पोच दिली.

सायबर पोलिसांकडून कळलं की १,८६,००० पैकी ४१,००० चोराने पैसे पुढे फिरवलेल्या एका खात्यात अडकून राहिलेत, होल्ड लागलाय. ते परत मिळू शकतात. उरलेली रक्कम परराज्यातल्या एटीएममधून शनिवारी आणि रविवारी निघाली. शुक्रवारी दुपारी भाऊ एटीएमच्या दारातून सरळ माझ्याकडे आले असते, तर यातलं किती थांबलं असतं, ते तारखा बघून कोणीही सांगेल.

भाऊंनी आता मुलाला सांगितलं आहे. तो पुण्याहून आला, काही बोलला नाही, फोन साफ करून दिला आणि दोन दिवस राहिला. बँकेकडे दिलेल्या अर्जाला येत्या गुरुवारी तीस दिवस होतात. तोवर उत्तर आलं नाही तर शुक्रवारी आम्ही बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करणार आहोत. त्याला फी लागत नाही. अर्जाची पोच, पासबुकाची पानं आणि १९३० चा तक्रार क्रमांक एका पिशवीत घालून भाऊंनी देवघराशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवले आहेत.