वडाचं बाळसं

आमच्या गॅलरीतला वड कुंडीसकट जेमतेम हातभर उंच. पान मात्र वीतभर. पाहुणे त्याच्याकडे बघून विचारतात, "हे अळू वडीचं की फदफद्याचं?" मी म्हणतो, बोन्साय आहे. ते माझ्या समाधानासाठी मान हलवतात.

पानं बारीक करायचे उपाय आहेत, पण सगळे छळाचे. कडक ऊन द्यायचं, वरची माती सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, नत्राचं खत हात आखडून घालायचं. शेंडे खुडत राहायचं, म्हणजे एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार. वाटेकरी वाढले की आमच्या गावच्या जमिनीसारखं होतं, एकेकाच्या वाट्याला तुकडाच येतो.

मात्र आमच्या दारातून कुणी उपाशी जात नाही, हा आईचा बाणा. मी खत आखडलं की ती तांदळाचं धुवण ओतते, वर पातळ ताक. मी कुंडी उन्हात ठेवावी, तिनं "करपेल रे लेकरू" म्हणत हॉलमध्ये आणावी. सावलीत उजेड कमी, तो गोळा करायला झाड पान आणखी पसरतं. आई कौतुकानं म्हणते, "बघ, कसं बाळसं धरलंय!"

शेवटी वैशाखात, ती भाचीच्या लग्नाला गेलेली बघून, मी कात्री काढली. झाड नुकतंच कुंडी बदललेलं नको, तसं ते नव्हतं; आणि धडधाकट हवं, ही अट तिच्या ताकानं केव्हाच पुरी केली होती. देठ तेवढा ठेवून एकूण एक पान कापलं. देठ पुढे आपोआप गळतो आणि त्याच्या बगलेतून नवा कोंब येतो. जिथे कापावं तिथून पांढरा चीक, तो शर्टावर पडला की शर्ट बाद. (बायकोच्या मते शर्ट आधीच बाद होता.)

आई परतली आणि दारातच थबकली. "अरे, वटपौर्णिमा तोंडावर आणि याचं मुंडण?"

पौर्णिमेपर्यंत पालवी फुटली. अंगठ्याएवढी, तांबूस, देखणी पानं! मी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवली. शेजारच्या काकू सुताचं रीळ घेऊन आल्या, पानं निरखून आईच्या कानाशी लागल्या, "आजारी आहे का हो? याच्याकडे सात जन्म मागायचे म्हणजे..." आणि रीळ घेऊन कोपऱ्यावरच्या मोठ्या वडाकडे गेल्या.

म्हणून मी बोन्साय शिकवणाऱ्या सरांनाच घरी आणलं. निदान आईसमोर जाणकाराची शाबासकी मिळेल! सरांनी कुंडी फिरवून पाहिली.

"पानं झकास. पण खोड पेन्सिलीएवढं! ते भरतं पानांच्याच जिवावर. दोन-तीन वर्षं कात्री बंद. मोकळं वाढू दे, भरपूर खायला घाल."

"मी वेगळं काय सांगत होते?" म्हणत आई उठली. सरांना चहा मिळाला, वडाला ताक. मला कुणी काही विचारलं नाही.