वरून थोडीशी कोथिंबीर

पाककृती लिहिणाऱ्यांचं मला एक कळत नाही. कांदा कसा चिरावा, तेल किती तापवावं, यावर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करतात आणि शेवटी एका ओळीत हात झटकतात : 'वरून थोडीशी कोथिंबीर भुरभुरावी.' थोडीशी! ती थोडीशी ताटापर्यंत पोचायच्या आधी कोणी निवडली, कोणाची मान धरली, याबद्दल अवाक्षर नाही. आमच्या घरी हे खातं माझ्याकडे आहे. चिरणं, परतणं, चव घेणं ही मानाची कामं बायकोकडे. कोथिंबीर माझ्याकडे, कारण "तुम्ही नाहीतरी बसलेलेच असता."

जुडी बांधलेली असते तोवर मोठी गोजिरवाणी दिसते. दोरा सोडला की तिचं अंतरंग कळतं. दर्शनी भागात टवटवीत पानं, आतल्या बाजूला पिवळी पडलेली मंडळी, मध्येच वशिल्याने शिरलेली गवताची काडी, मुळांना ओली माती. आणि अगदी गाभ्यात दबून काळं, बुळबुळीत झालेलं एक पान असतंच. ते शेजारच्या चांगल्या पानाला असं बिलगलेलं असतं, की सोडवताना चांगल्याचाही जीव जातो. सुरुवातीला माझ्या मनात प्रत्येक पानाबद्दल कणव असते. अर्धं पिवळं असेल तर तेवढंच खुडून उरलेलं अर्धं मी वाचवतो. हळूहळू नखं हिरवी होतात, चष्मा घसरतो, कणव आटते. शेवटच्या मूठभर काड्यांचा निकाल मी साक्षीपुरावे न तपासताच लावतो.

देठांवरून घरात दोन पक्ष आहेत. ही म्हणते, फक्त पानं. मी कट्टर देठवादी, आणि त्यामागे निव्वळ आळस नाही. कोवळ्या देठांना पानांइतकाच स्वाद असतो. थाई स्वयंपाकात तर मुळंसुद्धा फेकत नाहीत, लसूण आणि मिऱ्यांबरोबर कुटून त्यांचं वाटण करतात. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने हिच्या कानावर घातली. "छान. मग उद्यापासून मुळं पण धुवत जा," असा आदेश निघाला. तेव्हापासून मी थायलंडचं नाव काढलेलं नाही.

निवडून झालं की साठवण. धुवून ओलीच डब्यात भरली की तिचा लगदा ठरलेला. एक तर देठं पाण्यात बुडवून पेल्यात उभी ठेवायची किंवा कोरडी करून फडक्यात गुंडाळायची. शिवाय सफरचंद, केळी अशा पिकणाऱ्या फळांपासून लांब, कारण त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. म्हणजे फ्रीजमध्ये कोथिंबिरीला सोवळ्यात ठेवायचं. आमच्या घरात हे सोवळं पाळणारा मी एकटा. बाकीचे केळ्यांचा फणा थेट तिच्या डोक्यावर ठेवतात आणि मग मलाच विचारतात, "कोथिंबीर अशी कशी झाली हो?"

कुंडीत लावून पाहिली नाही असं नाही. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करायच्या आणि पेरायच्या, कारण एका धण्यात दोन बिया असतात. उगवलीही छान. पण ऊन तापलं आणि बाईसाहेबांनी पानांचा नाद सोडून तुरे काढले. एकदा फुलोरा धरला की नवी पानं शेपूसारखी बारीक येतात आणि कोथिंबिरीपुरता आपला संबंध संपतो.

एवढं सगळं सोसून वाटीभर हिरवीगार कोथिंबीर तयार व्हावी आणि पंगतीत बसलेल्या भाच्याने म्हणावं, "मामा, भाजीला साबणाचा वास येतोय." मला वाटलं, भांडी घासण्यावर टोमणा आहे (तेही खातं माझ्याकडेच). पण पोरगं खरं बोलत होतं. कोथिंबिरीच्या वासात अल्डिहाइड नावाच्या रसायनांचा मोठा वाटा असतो, आणि तशीच रसायनं साबणात आणि काही ढेकणांच्या दुर्गंधीतही सापडतात. 2012 मध्ये हजारो लोकांच्या जनुकांची पाहणी झाली, तेव्हा साबणाच्या चवीचा संबंध वास ओळखणाऱ्या जनुकांच्या एका झुबक्याशी दिसला. त्यातला मुख्य संशयित ओआर6ए2. अर्थात सगळं खापर जनुकावर फोडता येत नाही, त्याचा वाटा लहानच आहे. सवयही लागतेच. त्याच वर्षी कॅनडात झालेल्या एका पाहणीत कोथिंबीर न आवडणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या वंशाच्या लोकांत 3 ते 21 टक्के निघालं. ज्यूलिया चाइल्डसारख्या नामांकित पाककलातज्ज्ञ बाईंनी तर मुलाखतीत सांगून टाकलं होतं, की ताटात कोथिंबीर दिसली तर मी ती वेचून जमिनीवर टाकीन. त्यांच्या घरी निवडायला कोण बसत असेल, या विचाराने मला गलबलून आलं.

यावरही उपाय आहे. पानं नीट वाटली की त्यांच्यातलीच विकरं (एन्झाइम) बाहेर पडून त्या अल्डिहाइडांचं विघटन करतात आणि वास निवळतो. म्हणून पुढच्या खेपेला भाच्यासमोर चटणी ठेवली. त्याने बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा बुडवलं. "मामा, हा साबण बरा आहे," म्हणाला. आमच्या बहिणीकडच्या रक्तातून याहून मोठी दाद येत नाही.

वास हीच तर तिची सगळी पुंजी. ती उडून जाते म्हणून उकळत्या भांड्यात आधी घालायची नाही, गॅस बंद केल्यावर घालायची. वाळवली तर उरतो नुसता पाला. मेक्सिकोत ती ग्वाकामोले नावाच्या ॲव्होकाडोच्या चटणीत कच्ची पडते, पेरूत लिंबात मुरलेल्या माशावर पडते, व्हिएतनाममध्ये गरम सुपावर अगदी शेवटी पडते. बऱ्याच ठिकाणी तिची एन्ट्री कच्ची किंवा सर्वांत शेवटी. धण्यांचं तसं नाही, ते खुशाल भाजा. त्याच झाडाचे असून त्यांचा गंध निराळा, कारण त्यांच्यात लिनालूल नावाच्या सुगंधी द्रव्याचं राज्य.

हे सगळं नानांना पटत नाही. नाना म्हणजे माझे काका. त्यांच्या लेखी कोथिंबीर हा खाण्याचा पदार्थच नाही, ते औषध आहे. "अरे, सी जीवनसत्त्वाची खाण आहे!" असं त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी कागद-पेन्सिल घेतली. 100 ग्रॅम कोथिंबिरीत सी जीवनसत्त्व साधारण 27 मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला हवं 80-90. म्हणजे तीनशे ग्रॅमच्या आसपास कोथिंबीर रोज, आणि आपण भुरभुरतो चार-पाच ग्रॅम. त्यातून मिळणार जेमतेम एक मिलिग्रॅम. "शरीरातलं शिसं आणि पारा ओढून काढते," हा नानांचा पुढचा हुकमी एक्का. माणसांत असं होतं हे सिद्ध झालेलं नाही, असं मी म्हणालो. "तुझ्यात फार शिसं आहे," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी रोज सकाळी पेलाभर हिरवा रस सुरू केला. आता, कोथिंबिरीत एक गोष्ट खरोखरच भरपूर असते, के जीवनसत्त्व. 100 ग्रॅममध्ये तब्बल 310 मायक्रोग्रॅम, आणि दिवसाची गरज 90 ते 120. हे जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं. नाना मात्र रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिनची गोळी घेतात. पेल्यात एक, गोळीत नेमकं त्याच्या उलट. रक्ततपासणीचा आकडा पार खाली आला, म्हणजे गोळीचा परिणाम कमी पडायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना खोदून खोदून विचारलं. हिरव्या भाज्या बंद करू नका, पण रोज साधारण तेवढ्याच खा, असं एकाएकी पेले रिचवू नका, असं बजावलं.

नानांनी ऐकलं. कोथिंबिरीचा रस त्याच दिवशी बंद. काल मोठ्या खुशीत त्यांचा फोन आला. आता पार्सलीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या विलायती बहिणीचा, सुरू केलाय, म्हणाले, "डॉक्टर कोथिंबिरीला नको म्हणालेत, पार्सलीबद्दल काही बोलले नाहीत." पार्सलीत के जीवनसत्त्व कोथिंबिरीच्या पाचपट. मी फोन काकूंना द्यायला सांगितला.