कसर राहिलीच

परवा कपाटातनं आजोबांची एक जुनी कादंबरी काढली तर आतून एक चंदेरी, शेपटाला तीन केस असलेला प्राणी सुळकन पळाला आणि जाता जाता त्याने असं थांबून बघितलं की मलाच वाटलं, सॉरी, बेल वाजवून यायला हवं होतं. कसर! नाव कसर, पण खाण्यात कसली कसर सोडत नाही हा प्राणी.

नवऱ्याने सोफ्यावरूनच निदान केलं, "अगं टाकून दे ती सगळी रद्दी, मोबाईलवर मिळतं आता सगळं." हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक साफसफाईला येतं आणि मी प्रत्येक वेळी "तुला नाही कळणार" एवढंच म्हणते, कारण खरं सांगायचं तर मुद्दे त्याचेच बरोबर असतात. मोबाईलमधल्या पुस्तकावर धूळ बसत नाही, अक्षर मोठं करता येतं, अंधारात वाचता येतं, आणि ते उघडल्यावर मला लागोपाठ आठ शिंका येत नाहीत.

शिंका येतात त्याला मीच जबाबदार आहे म्हणा, कारण जुनं पुस्तक हातात आलं की आधी त्यात नाक खुपसायचं, शिंकायचं आणि परत खुपसायचं ही माझी पद्धत. मध्ये कुठेतरी वाचलं की २००९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी जुन्या पुस्तकांच्या वासाचा रीतसर अभ्यास केला आणि त्यांना त्यात गवत, थोडा आंबूस वास, जरासा व्हॅनिला आणि या सगळ्याच्या खाली कुबटपणा असं सापडलं. व्हॅनिला कुठून आला तर कागदात लाकडातलं लिग्निन असतं, ते वर्षानुवर्षं तुटत राहतं आणि त्यातून असले वास सुटतात. मी हे फार अभिमानाने घरात वाचून दाखवलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे आई, पुस्तक कुजतंय आणि तू हुंगतेयस." तेव्हापासून मी आजूबाजूला कोणी नाही ना हे बघून हुंगते.

पण ती बरोबर बोलली, कुजतातच ती. आणि गंमत म्हणजे जितकं जुनं तितकं जास्त कुजलेलं असंही नाही. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलची पानं आजही धडधाकट आहेत कारण तो कागद चिंध्यांचा, आणि आमच्या आजोबांची कादंबरी बिचारी त्यापुढे कालची पोर, तर पान उलटलं की कोपरा बोटांत येतो. १८४४ च्या आसपास लाकूड दळून त्याचा लगदा करायची युक्ती निघाली, कागद स्वस्त झाला, पुस्तकं घराघरात गेली, सगळं छान, पण त्या लगद्यात हे लिग्निन होतं, आणि शाई फुटू नये म्हणून कागदाला तुरटी लावायचे तिने अ‍ॅसिड आणलं, म्हणजे तो कागद जन्मल्यापासून स्वतःलाच खातोय, कसर नुसती पंगतीला येऊन बसते. तिला वाचनाची आवड वगैरे काही नाही, तिचं लक्ष बाइंडिंगच्या खळीवर. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली घालून तिचं चित्रसुद्धा काढून ठेवलंय. काही खायला मिळालं नाही तरी महिनोन्‌महिने जगते म्हणे. (एवढी चिकाटी असलेला वाचक मिळाला तर कुठला लेखक नाही म्हणेल?)

आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे. लहानपणी याच कादंबरीच्या सुटलेल्या पानांना मी अत्यंत प्रेमाने सेलोटेप लावली होती. आता टेपचं प्लास्टिक सुटून पडलंय आणि तिचा गोंद कागदात मुरून चहा सांडल्यासारखे पट्टे उठलेत. कसरीने केलं त्यापेक्षा माझं नुकसान जास्त आहे, फक्त मी खळ खाल्ली नाही इतकंच.

तर नुकसान किती झालंय बघायला पानं चाळत होते आणि १४३ वर थबकले. प्लॅटफॉर्म, गाडीची शिट्टी, नायक नायिकेचा हात हातात घेऊन म्हणतो, "मी तुला कधीच..." आणि तिथे भोक. भोकाच्या पलीकडे "नाही". मधलं सगळं कसरीच्या पोटात. बरं नायिका यावर नुसती रडते, त्यामुळे पुढे वाचूनही पत्ता लागत नाही, या कादंबरीत ती कशानेही रडते. आणि समासात आजोबांच्या हाताने, पेन्सिलीने, दोनदा गिरवून लिहिलेलं, "छे!"

म्हणजे आजोबांनी ते भोक पडायच्या आधी वाचलं होतं आणि त्यांना ते अजिबात पटलं नव्हतं. आजोबा घरात फारसं बोलायचे नाहीत, कोणाच्या लग्नावर नाहीत की कोणाच्या भांडणावर नाहीत, आणि इथे एका कागदी माणसाला छे!

"त्यात काय, मोबाईलवर बघू," म्हणून नवरा उठला. शोधली, सापडली, कुठल्या तरी लायब्ररीतल्या प्रतीचं स्कॅन. विजयी मुद्रेने पान १४३ उघडलं, तर त्या ओळीवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा! रबरी टोपी घातलेला, गुलाबी, ठसठशीत. नवऱ्याने झूम केलं. अंगठा मोठा झाला.

तोवर कसरीचा बंदोबस्त मी ठरवून टाकला होता. १९७७ साली येल विद्यापीठाच्या बायनेकी लायब्ररीत किडे झाले तेव्हा त्यांनी पुस्तकं उणे ३६ डिग्रीला तीन दिवस गोठवली होती, औषध नाही, धूर नाही. आमचा फ्रीझर उणे १८ लाच धापा टाकतो, म्हणून मी मुदत वाढवून पंधरा दिवस केली. कादंबरी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली आणि घरात ताकीद दिली की पिशवी उघडायची नाही, बाहेर काढल्यावरसुद्धा खोलीइतकी कोमट होईपर्यंत नाही, नाहीतर गार कागदावर पाणी धरेल.

मग जेवताना तोच विषय. मी म्हटलं "विसरणार" असेल, सरळ आहे. नवरा म्हणाला, "त्याला आजोबा छे कशाला म्हणतील? 'मी तुला कधीच आवडलो नाही' असं असेल." हे म्हणताना त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मी भाजी वाढली. मुलगी म्हणाली, "ब्लॉक करणार." तेवढ्यात मला आठवलं की भोकाच्या वरच्या कडेला एक वेलांटी शिल्लक होती. "आवडलो" बाद झालं. पण वेलांटी कुठल्या बाजूची ते काही केल्या आठवेना. पहिली असेल तर विसरणार किंवा मिळणार, आणि मिळणार असेल तर आजोबांचं छे अगदी बरोबर. दुसरी असेल तर नवऱ्याचं म्हणणं, "भीक घालणार". मी म्हटलं हात हातात घेऊन कोणी असं बोलतं का, तर म्हणाला म्हणूनच छे.

चौथ्या रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात उजेड दिसला म्हणून उठून गेले. फ्रीझरचं दार सताड उघडं, नवरा जमिनीवर बसलेला, मांडीवर माझी पिशवी, आणि रद्दीवाला मोबाईल हातात, टॉर्च लावून.

"उघडली नाहीये गं," तो म्हणाला, "वरूनच बघतोय, पहिली की दुसरी."