‘कॉफी पाजा आणि झोपू द्या’ : होस्टेल ग्रुपांवरच्या मेसेजबद्दल खुलासा

फ्रेशर्स पार्ट्या सुरू झाल्या तसा पहिल्या वर्षाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘जास्त झाली तर ब्लॅक कॉफी पाजा, थंड पाण्याखाली धरा आणि झोपू द्या, सकाळी ठणठणीत.’ हे चुकीचं आहे आणि जिवावर बेतू शकतं.

दारू उतरवण्याचं काम यकृत करतं, तेही त्याच्याच संथ गतीने. कॉफीने झोप उडेल, पण रक्तातली दारू तेवढीच राहते. पोटातली दारू रक्तात भिनत असते, म्हणून ग्लास खाली ठेवल्यावरही नशा चढतच जाऊ शकते. गार पाण्याने शरीराचं तापमान आणखी घसरतं. सगळ्यात मोठा धोका उताणं झोपवण्यात. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि शुद्ध हरपलेल्याला ठसकासुद्धा नीट लागत नाही. कॅज्युअल्टीतला कुठलाही डॉक्टर हेच सांगेल.

त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. हाक मारूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा ओठ निळसर पडले असतील तर लगेच १०८ ला फोन करा. रेक्टरना कळेल, घरी कळेल म्हणून थांबू नका, हे अगदी कळकळीने सांगते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा टाका.