विमानतळावरच्या दुकानांचं ऑडिट गल्ल्यापासून सुरू व्हायला हवं

विमानतळ चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेसाठी दुकानांचे आणि रेस्टॉरंटांचे भाडेकरार तपासणं हे माझं काम. बाहेरून हे काम फार रुक्ष वाटतं. करार काढायचा, दुकानदाराने दिलेलं वर्षाचं विक्रीपत्रक काढायचं, त्यावरच्या सीएच्या सहीखालच्या आकड्याला कराराचा टक्का लावायचा, तेवढं भाडं जमा झालंय का ते बघायचं आणि फाइल बंद. बहुतेक ठिकाणी ऑडिट असंच होतं. यात बेरीज-वजाबाकी तपासली जाते, विक्री तपासलीच जात नाही, आणि मला हे अजिबात पटत नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. विमानतळावरच्या दुकानाचं भाडं साधारणपणे दोन आकड्यांवर ठरतं. एक किमान हमी रक्कम, म्हणजे धंदा होवो न होवो, एवढे पैसे द्यायचेच. दुसरा विक्रीतला टक्का. यातला जो आकडा मोठा तो भरायचा. टक्काही सरसकट नसतो. खाण्याला एक, मद्याला दुसरा, भेटवस्तूंना तिसरा, पुस्तकं-मासिकांना आणखी वेगळा. म्हणजे काउंटरवर बिल फाटतं त्याच क्षणी त्यातला एक हिस्सा सार्वजनिक पैसा होतो, आणि तो किती हे दुकानदाराने आपणहून सांगितलेल्या विक्रीवर ठरतं.

ही रक्कम किरकोळ नाही. कोविडपूर्व काळात जगभरातल्या विमानतळांच्या उत्पन्नात सुमारे ४० टक्के वाटा विमानांच्या ये-जा करण्याशी थेट संबंध नसलेल्या गोष्टींचा होता. दुकानं, खाणावळी, पार्किंग, जाहिराती, जागाभाडं. त्यात दुकानांचा हिस्सा सर्वांत मोठ्यांपैकी. जिथे विमानतळाच्या शुल्काचे दर ठरवताना हे उत्पन्न पूर्ण किंवा काही प्रमाणात हिशेबात धरतात, तिथे दुकानांकडून कमी आलेला पैसा प्रवाशाच्या तिकिटातल्या शुल्कातून वसूल होतो. ज्याने विमानतळावर पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नाही, त्याच्याही खिशातून.

तरी तपासणी ढिली का? माझं मत आहे की किमान हमी रकमेमुळे. दर महिन्याला ठरलेले पैसे खात्यात येतात, महसूल विभाग खूश असतो, आणि टक्केवारीचा वरचा हिस्सा ही वर्षाअखेरची किरकोळ बाब होऊन बसते. 'पैसे येतायत ना?' हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलंय की त्याची चीड येते. येणाऱ्या पैशांपेक्षा यायला हवे होते ते पैसे जास्त आहेत का, हा प्रश्न विचारायला तर आपण बसलो आहोत.

शिवाय अनेक करारांत पुढच्या वर्षीची हमी मागच्या वर्षी भरलेल्या भाड्यावरच ठरते. समजा वर्षाची विक्री १,००० आणि टक्का १२. भाडं झालं १२०. त्यातली १०० ची विक्री पत्रकात आलीच नाही, तर भाडं १०८. बुडाले १२. आता हमी मागच्या भाड्याच्या ८५ टक्के असेल, तर १०२ च्या जागी ती ९१.८ वर येते. पुढच्या वर्षी मंदी आली, प्रवासी घटले, तर संस्थेच्या पायाखालची फळीच दहाने खाली गेलेली असते. एका वर्षाची चूक अशी पुढच्या वर्षांत झिरपत जाते, आणि कुठल्याही एका वर्षाचं पत्रक बघून ती दिसत नाही.

आता पाणी मुरतं कुठे ते सांगतो. सगळ्यात आधी 'एकूण विक्री'च्या व्याख्येत. करारात हा परिच्छेद लांबलचक असतो आणि खरा करार तोच असतो. विक्रीकर वगळायचा, हे सगळीकडे मान्य. ग्राहकाला परत दिलेले पैसे वगळायचे, हेही ठीक. पण क्रेडिट कार्ड कंपनीचं कमिशन? बहुतेक करारांत ते वगळता येत नाही, तरी पत्रकात ते गुपचूप वजा झालेलं सापडतं. कर्मचाऱ्यांना सवलतीत दिलेलं जेवण? गिफ्ट कार्ड विकलं तेव्हा विक्री धरायची की वापरलं तेव्हा? प्रवाशाने घरून ॲपवर ऑर्डर दिली आणि गेटजवळ पिशवी उचलली, तर ती विक्री या दुकानाची की मुख्यालयाची? एखादा ब्रँड आपला माल डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवण्यासाठी दुकानदाराला पैसे देतो, ते धरायचे का? ती फळी विमानतळाच्या जागेत आहे म्हणून तर तिला किंमत आहे. माझ्या मते ते धरायलाच हवेत. जुन्या करारांत यातल्या निम्म्या गोष्टींचा उल्लेखसुद्धा नसतो, आणि जिथे करार गप्प आहे तिथे ऑडिटरला बोलता येत नाही.

दुसरी जागा म्हणजे वर्गवारी. जेवण आणि मद्य मिळून एकच भाव असलेली ऑफर घ्या. मद्याचा टक्का जास्त, खाण्याचा कमी. यंत्रात त्या ऑफरचं एकच बटण असतं आणि ते कुठल्या वर्गाला जोडायचं हे मुख्यालयातलं कुणीतरी ठरवतं. ते खाण्याला जोडलं की प्रत्येक ऑफरमागे संस्थेचा तोटा, आणि एकूण विक्रीचा आकडा मात्र पैशापर्यंत बरोबर. सीएची सहीसुद्धा बरोबर, कारण त्याने एकूण आकडाच प्रमाणित केलेला असतो. हे शोधायचं तर मेन्यूतल्या प्रत्येक वस्तूचा कोड आणि त्याचा वर्ग असलेली यादी मागावी लागते. मी ती पहिल्याच पत्रात मागतो, आणि सगळ्यात उशिरा येते ती हीच यादी.

तिसरी जागा रद्द केलेली बिलं. एका तपासणीत मी गर्दीच्या वेळी, ओळख न देता, एका काउंटरवर छोटीशी खरेदी केली आणि बिल जपून ठेवलं. पुढे त्या दुकानाचा संपूर्ण डेटा आला तेव्हा तोच बिल क्रमांक शोधला. क्रमांक होता, वेळ होती, वस्तू होती, रक्कम शून्य. मी काउंटर सोडल्यावर चार मिनिटांनी बिल रद्द झालं होतं. कारणाच्या रकान्यात काहीच नाही. व्यवस्थापकाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे गोंधळला. त्याने स्क्रीन उघडून दाखवली, आणि कळलं की तिन्ही पाळ्यांतले सगळे कर्मचारी एकाच लॉगिनने काम करतात. बिल कुणी रद्द केलं, हे सांगायला मार्गच नव्हता. एवढ्यावरून चोरी झाली असं मी म्हणणार नाही, अहवालातही म्हटलं नाही. पण रद्द करताना पर्यवेक्षकाचा स्वतंत्र कोड लागेल अशी अट करारात होती आणि करार झाल्यापासून ती कुणी तपासली नव्हती. सीएच्या सहीचं पत्रक पाहून हे कधीच कळलं नसतं.

म्हणून मी आग्रह धरतो की कच्चा डेटा मागा. महिन्याची गोळाबेरीज नको, प्रत्येक बिलाची ओळ हवी. क्रमांकांची साखळी कुठे तुटते ते बघा. दिवसाअखेरचा रिपोर्ट आणि बँकेत भरलेली रक्कम समोरासमोर ठेवा. आणि विमानतळाकडे जे दुसऱ्या कुठल्याही घरमालकाकडे नसतं ते वापरा: कुठल्या गेटवरून, कुठल्या तासाला, किती प्रवासी गेले याचा आकडा. उड्डाणं उशिरा सुटली, लोक तासन् तास अडकले, आणि त्याच गेटसमोरच्या कॅफेची विक्री रोजच्याइतकीच? तिथे थांबून प्रश्न विचारा. उत्तर साधं असू शकतं, माल संपला असेल, माणसं कमी असतील. पण प्रश्न विचारायलाच हवा.

शहरातल्यापेक्षा फार महाग विकायचं नाही, या भावाच्या अटीचंही तेच. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरचं २०२१ चं प्रकरण अनेकांना आठवत असेल. एका प्रवाशाने मेन्यूचा फोटो ट्विटरवर टाकला, बिअरचा भाव २७ डॉलरच्या वर. विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली आणि २५ ग्राहकांकडून असेच अवाच्या सवा पैसे घेतल्याचं निघालं. २०२२ मध्ये अहवाल आला आणि भावाचे नियम विस्ताराने लिहिले गेले: शहरातल्या भावापेक्षा फार तर १० टक्के जास्त. चौकशी जाहीर झाली याबद्दल मला त्या संस्थेचा आदर वाटतो. पण सुरुवात एका प्रवाशाच्या फोनमधून झाली, हे मला खटकतं. मेन्यू रोज सगळ्यांच्या समोर असतो. तो वाचायला ऑडिटरला कुणाची परवानगी लागत नाही.

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: विक्रीच्या भानगडीत पडूच नका, प्रवासीसंख्येवर भाडं लावा. दक्षिण कोरियाच्या इंचॉन विमानतळाने २०२३ पासून ड्यूटी फ्री दुकानांसाठी हाच मार्ग घेतला, प्रवाशामागे ठरावीक रक्कम. तपासायला सोपं आहे यात शंका नाही. पण पुढे प्रवासी परतले आणि त्या प्रमाणात खरेदी परतली नाही. २०२५ मध्ये भाडं कमी करा या मागणीवरून प्रकरण न्यायालयाच्या मध्यस्थीपर्यंत गेलं. भाडं कशावरही बांधा, दुकानदार 'परवडत नाही' म्हणत आला की त्याचं म्हणणं खरं किती, हे कळायला विक्रीचे स्वच्छ आकडेच लागतात. कोविडमध्येही तेच झालं. अमेरिकेच्या संसदेने विमानतळांवरच्या दुकानांच्या भाडेसवलतीसाठी डिसेंबर २०२० च्या कायद्यात २० कोटी आणि मार्च २०२१ च्या कायद्यात ८० कोटी डॉलर वेगळे ठेवले. अशी मदत दुकानादुकानांत न्याय्य वाटायची तर जुन्या आकड्यांवर विश्वास असावा लागतो.

गुंतवणुकीच्या कलमाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दुकान उभारायचा खर्च दुकानदार करतो. दहा वर्षांच्या करारात संस्थेने सहा वर्षांनी, टर्मिनल वाढवायचं म्हणून, जागा परत घेतली, तर उरलेल्या चार वर्षांच्या हिश्शाचा, म्हणजे ४० टक्के खर्च संस्थेला भरून द्यावा लागतो. मग मूळ खर्चाचा आकडा कुणी तपासला होता? त्यात मुख्यालयाचं डिझाइन शुल्क, दुसऱ्या शाखेतून आणलेलं फर्निचर, परत नेता येण्यासारखी यंत्रं, सगळं मिसळलेलं असतं. ही बिलं दुकान उघडल्यावर लगेच तपासली तर तासाभरात निकाल लागतो. सहा वर्षांनी ती बिलं देणारा ठेकेदार सापडत नाही, मंजूर करणारा अधिकारी बदलून गेलेला असतो. बहुतेक संस्था करार संपताना ऑडिट लावतात. हे वरातीमागून घोडं आहे. अनामत परत गेलेली असते, बँक गॅरंटीची मुदत संपलेली असते, आणि सापडलेली थकबाकी वसूल करायला वकील लावावा लागतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक छोटं ऑडिट केलं, तर चुकीचं जोडलेलं बटण दुरुस्त होतं आणि पुढची नऊ वर्षं वाचतात.

दुकानदारांची बाजूही मांडायला हवी. माल सुरक्षा तपासणीतून आणायचा, प्रत्येक नव्या माणसाचा पास होईपर्यंत वाट बघायची, पहाटेच्या पहिल्या विमानापासून रात्रीच्या शेवटच्या विमानापर्यंत दुकान उघडं ठेवायचं. लहान उद्योजकाकडे करार वाचायला वेगळा माणूस नसतो, आणि चुका त्याच्या विरुद्धही होतात. कर न वगळता विक्री दाखवून जास्त भाडं भरणारे दुकानदार मी पाहिलेत. अशी रक्कम अहवालात तेवढ्याच ठळकपणे लिहिली पाहिजे आणि परत दिली पाहिजे. फक्त संस्थेच्या फायद्याच्या चुका शोधणाऱ्याला मी ऑडिटर म्हणणार नाही.

पुढच्या निविदांसाठी माझी मागणी साधी आहे. बिलनिहाय डेटा दर महिन्याला संस्थेच्या सर्व्हरवर आपोआप यावा, मागण्याची वेळच येऊ नये. तपासणीत ठरावीक टक्क्यांहून जास्त विक्री कमी दाखवलेली निघाली, तर ऑडिटचा खर्च दुकानदाराने द्यावा, ही अट कागदावर अनेक ठिकाणी आहे, ती लागू करावी. पोटभाडेकरूंनाही तेच नियम. आणि अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर टाकावेत, दुकानदाराच्या उत्तरासह. जागा लोकांची आहे, तिचा करार आणि तिचा हिशेब बघायला लोकांना माहितीचा अर्ज करावा लागू नये.