भाऊ, ते वाक्य माझंच चुकलं

भाऊ, सलाम. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हाच एक लांबलचक उत्तर लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही ते बरं झालं, त्यात नुसता माझा बचाव होता.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी: पुरावरच्या लेखात मी लिहिलं होतं, 'विश्वास ठेवणाऱ्याने संकटात घाबरू नये.' भाऊंची आई २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेली. तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी त्यांना हेच वाक्य ऐकवलं. रडले तर 'काहून रडते, देवाची मर्जी होती ना' म्हणाले. 'तुमची श्रद्धा म्हणजे उकळत्या गंजावरचं झाकण आहे,' असं भाऊंनी लिहिलंय, आणि ते झाकण ठेवायला शास्त्रच, म्हणजे बायबलच शिकवतं, असंही.

वाक्य चुकीचं होतं. माझ्यापुरतंही ते खरं नव्हतं. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात आली, आम्ही प्रार्थना केली, शांती मिळाली, असं मी लिहिलं. मधलं गाळलं. पाणी पलंगाच्या पाटीला लागलं तेव्हा सासूबाई फोटोंची पेटी सोडायला तयार नव्हत्या, आणि मी त्यांच्यावर इतकी ओरडले की त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढचे कित्येक दिवस पावसाचा आवाज आला की माझे हात थरथरायचे. आपल्याकडे चर्चमध्ये देवाने काय केलं याची साक्ष द्यायला उभं राहिलं की माणूस घरातला चिखल आधी धुऊन घेतो. मीही तेच केलं.

पण झाकण ठेवायला शास्त्रच शिकवतं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा. १५० स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा रडगाणं आहे. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओवींत 'किती वेळ?' हा प्रश्न चार वेळा येतो. ८८वं अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा एक शब्दही नाही. १३७व्याच्या शेवटी असा भयंकर शाप आहे की उपासनेत आपण तो हळूच वगळतो. तो शाप शास्त्रातून मात्र कुणी खोडला नाही.

मेलेल्या लाजराला आपण आता उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघींनी त्याला वेगवेगळं गाठून एकच तक्रार केली, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने दोघींपैकी कुणालाही गप्प बसवलं नाही. आणि 'कशाचीही काळजी करू नका' हे प्रेषित पौलाचं वाक्य आपण अर्ध्यावर तोडतो. पुढे तो म्हणतो, जे हवंय ते देवाला सांगा. म्हणजे तोंड उघडा. हे त्याने लिहिलं तेही कैदेत असताना.

मराठी माणसाला तर हे नवीन वाटायला नको. जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या, तुकोबा त्याच्याशी भांडले. आणि ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून. (त्यांना नवा करार एका सहप्रवाशाने दिला तो १८९३मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत. हे आमच्या नागपूरकरांना उगाच सांगावंसं वाटतं.)

खरं सांगायचं तर पुरानंतर मला शांती आधी मिळालीच नाही. गाळ भरलेल्या स्वयंपाकघरात उभी राहून मी १३वं स्तोत्र मोठ्याने वाचलं, मग पुस्तक ठेवून माझ्या भाषेत देवाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंवर मात्र आवाज चढला नाही. रागाला दुसरीकडे जागा मिळाली होती, माझ्यासाठी एवढंच झालं. त्याच रात्री वरच्या मजल्यावरच्या बौद्ध काकू गरम भाकरी घेऊन खाली आल्या. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठल्यावर पुन्हा तेच.

तुम्ही लिहिलंय की अजूनही पहाटे तीनला जाग येते. झोपेसाठी मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले होते, गोळ्याही घेतल्या. त्याने विश्वास कमी होत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. एकदा करून बघा.

तुमच्या घरी आलेल्या लोकांबद्दल. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. त्यानंतर समजवायला लागले आणि घोळ झाला. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. ईयोब योग्य बोलला, असं देव म्हणाला, आणि ईयोब तर अख्खं पुस्तकभर भांडत होता.

आई का गेल्या, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. लेखातलं ते वाक्य काढलंय आणि सासूबाईंचा प्रसंग घातलाय, त्यांना विचारून. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मी जरीपटक्याच्या कबरस्थानात असते, सासऱ्यांच्या कबरीवर फुलं ठेवायला. आईंची कबर तिथेच असेल तर सांगा. येऊन बसेन, बोलणार काही नाही.