‘नोकरीवाल्या संघांनी फुटबॉल बुडवला’ या दाव्याची तपासणी

गेल्या पावसाळ्यापासून राजुरा-बल्लारपूर पट्ट्यातील खाणवस्त्यांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा आहे की, पोलीस, रेल्वे, गिरण्या आणि कंपन्या यांनी आपापल्या कर्मचाऱ्यांचे फुटबॉल संघ चालवले आणि त्यामुळेच भारतीय फुटबॉल मागे पडले. जगात असे कुठेही होत नाही. या संघांनी नाव घेण्यासारखे काही जिंकले नाही. त्यांतील खेळाडू नोकरी पक्की करण्यापुरते खेळले. आणि अखेर प्रेक्षकच नसल्याने हे संघ आपोआप बंद पडले. आमच्या गावातील मैदानासाठी खाणीकडे मदत मागावी की नाही, यावर बैठक झाली तेव्हा हाच मजकूर पुरावा म्हणून वाचून दाखवण्यात आला. मदत मागावी की नाही हा गावाचा प्रश्न आहे आणि त्यावर दोन मते असू शकतात. पण त्यासाठी पुढे केलेला इतिहास खरा असायला हवा.

‘जगात असे कुठेही होत नाही’ हे म्हणणे सर्वांत लवकर निकालात निघते. आइंडहोवनचा पीएसव्ही हा क्लब फिलिप्स कंपनीने १९१३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी काढला आणि १९८८ मध्ये तो युरोपियन चषकाचा विजेता झाला. लेव्हरकुझेनमध्ये बायर कंपनीच्या कामगारांनी १९०३ मध्ये सह्यांचे पत्र देऊन क्रीडा क्लबची मागणी केली, पुढच्या वर्षी क्लब उभा राहिला, आणि त्याच क्लबने २०२३-२४ च्या हंगामात एकही सामना न हरता जर्मनीची बुंडेसलिगा जिंकली. मँचेस्टर युनायटेडची सुरुवात १८७८ मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या डबे-वाघिणी कारखान्यातील कामगारांच्या संघातून झाली. या यादीत आपल्याकडचे लोक आर्सेनलचेही नाव घेतात, पण ते जपून घ्यावे. तो क्लब वुलविचच्या तोफखाना कारखान्यातील कामगारांनी १८८६ मध्ये स्वतः वर्गणी काढून सुरू केला होता, कारखान्याने चालवलेला नव्हता. मालकाने चालवलेला क्लब आणि कामगारांनी काढलेला क्लब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘या संघांनी काही जिंकले नाही’ या दाव्याला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण तो लिहिणाऱ्याला हैदराबाद सिटी पोलीस हे नावच ठाऊक नसावे असे दिसते. या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, आणि १९५०, १९५४ व १९५७ या वर्षांत ड्युरँड चषकही मिळवला; या दोन्ही त्या काळातील देशातल्या मानाच्या स्पर्धा. पुढे आंध्र प्रदेश पोलीस या नावाने खेळताना १९६१ मध्ये ड्युरँड पुन्हा त्यांच्याकडेच आला. कोलकात्याचे मोठे क्लब भरात असतानाचा हा काळ आहे. येथे एक गोष्ट आमच्या भागातील वाचकांनी ध्यानात घ्यावी. ज्या पाच वर्षांत हा संघ रोव्हर्स चषक घरी नेत होता, त्या वर्षांत राजुरा तालुका हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे ज्या गावांत आज हा मजकूर पुढे ढकलला जातो आहे, त्यांतील काही गावांच्या दृष्टीने तो संघ परक्याचा नव्हता, आपल्या राज्याच्या राजधानीचा होता.

या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर होते. त्यांनी १९५० पासून १९६३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत हा संघ घडवला आणि त्याच काळात भारताच्या संघाचीही जबाबदारी सांभाळली. १९५१ मध्ये दिल्लीतील आशियाई खेळांत सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान आणि १९६२ मध्ये जकार्ता येथे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्णपदक, ही कामगिरी त्यांच्याच हाताखाली झाली. म्हणजे फुटबॉलमधील भारताची सर्वांत मोठी कमाई नोकरीवाल्या संघांच्या भरभराटीच्या काळातच पडते. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक नोंदवणारा पहिला आशियाई खेळाडू नेव्हिल डिसूझा हाही मुंबईत टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळला, आणि कॅलटेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक जिंकला.

त्याच १९५८ मध्ये कोलकाता लीगमध्ये ईस्टर्न रेल्वेने तिन्ही बड्या क्लबांना मागे टाकून विजेतेपद मिळवले. त्यानंतर एकसष्ट वर्षे ही लीग मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग यांच्या बाहेर गेली नाही. २०१९ मध्ये ती पीअरलेसने जिंकली, आणि पीअरलेस हासुद्धा एका वित्त कंपनीचाच संघ आहे. देशभरातील क्लबांच्या फेडरेशन चषक स्पर्धेत पहिला चषक १९७७ मध्ये बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने जिंकला, १९९० आणि १९९१ चे दोन केरळ पोलिसांनी, आणि १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग फगवाड्याच्या जेसीटी गिरणीच्या संघाने. एवढे झाल्यावर ‘काही जिंकले नाही’ हे वाक्य कोणत्या आधारावर लिहिले, ते लिहिणाऱ्यानेच सांगावे.

खेळाडू नोकरीसाठी खेळले, हा आरोप अर्धा खरा आहे, आणि तो आरोप का वाटावा हेच मला उमगत नाही. त्या काळात ऑलिंपिकला व्यावसायिक खेळाडूला बंदी होती आणि देशात खेळावर घर चालेल इतका पगार देणारी उघड व्यवस्थाही नव्हती. अशा वेळी खेळाडूला सकाळी सराव करू देणारी, सामन्याला रजा देणारी आणि पाय मोडला तरी महिन्याचा पगार न थांबवणारी नोकरी नसती, तर गरीब घरातला मुलगा विसाव्या वर्षीच मैदान सोडून मजुरीला लागला असता. पी. के. बॅनर्जी हे १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते आणि फ्रान्सविरुद्ध बरोबरीचा गोल त्यांनीच केला. ते ईस्टर्न रेल्वेत राहिले आणि खेळाडू म्हणून मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल यांच्याकडे कधीच गेले नाहीत. आय. एम. विजयन लहानपणी त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकत असत. केरळ पोलिसांनी त्यांना अगदी कोवळ्या वयात संघात घेतले, पुढे ते भारताचे कर्णधार झाले, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे खाणीत किंवा पोलिसांत मुलगा लागला की घरात पेढे वाटले जातात आणि तोच मुलगा फुटबॉलच्या जोरावर लागला तर मात्र त्याची खेळावरची निष्ठा तपासली जाते, हे मला विसंगत वाटते.

शेवटचा मुद्दा संघ बंद पडण्याचा. येथे मजकुरात तथ्य आहे, मात्र कारण चुकीचे दिले आहे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, तरी कंपनीने २०१० मध्ये संघ मोडला; पुढच्याच वर्षी जेसीटीही गेला. मालकाने ठरवले की संघ संपतो, ही या व्यवस्थेची खरी दुर्बलता आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पण २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी या सरकारी कंपन्यांच्या संघांना आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडावे लागले ते प्रेक्षक आले नाहीत म्हणून नव्हे, तर आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब-परवान्याच्या अटी त्यांना पूर्ण करता आल्या नाहीत म्हणून. या अटी क्लबला स्वतंत्र व्यवसाय मानून घातलेल्या आहेत, आणि संघ एखाद्या खात्याचा विभाग असेल तर त्याला त्या साच्यात बसणे जड जाते.

शिवाय क्लब नोकरी देणाऱ्या संस्थेचा नसला म्हणजे टिकतो, असेही दिसत नाही. एफसी कोचीन हा देशातला पहिला पूर्ण व्यावसायिक क्लब म्हणून १९९७ मध्ये गाजावाजाने सुरू झाला आणि पाच-सहा वर्षांतच संपला. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामापासून होता, त्याच्या सामन्यांना बालेवाडीत प्रेक्षकही येत, तरी २०१९ मध्ये तो बंद झाला. या दोघांतही कोणी नोकरीपुरता खेळत नव्हता.